लॅपटॉपची हार्ड डिस्क टिकटिक करते आहे, आतला कुलवृत्तांत वाचवायचा आहे

पैलथडी

मंडळी, तातडीनं सल्ला हवा आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गेली बरीच वर्षं आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करताहेत. घराघरांतून भरून आलेले माहितीचे तक्ते, त्यांचे स्कॅन, पणजोबांच्या पिढीचे फोटो, वर्डमध्ये टाइप केलेली प्रकरणं, शाखावार वंशावळी, सगळं त्यांच्या लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप दहा वर्षांहून जुना, विंडोज ७, आत ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क.

काही दिवसांपासून साधं फोल्डर उघडायला मिनिटं लागतात. मधेच सगळं गोठतं, माउसचा बाणही हलत नाही, आतून टिक टिक असा आवाज येतो आणि मग आपोआप सुरळीत होतं. आज सुरू करताना काळ्या पडद्यावर 'डिस्क तपासायची आहे' असं आलं, नानांनी बटण दाबून ते थांबवलं. जवळच्या दुकानात दाखवला तर 'फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकतो' म्हणाले, म्हणून तसाच परत आणला.

बॅकअप म्हणाल तर एका पेनड्राइव्हवर जुन्या तारखेची काही प्रकरणं आहेत. तक्त्यांचे स्कॅन दुसरीकडे कुठेच नाहीत आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत केलेत. तक्ते भरून देणाऱ्यांपैकी काही वडीलधारी माणसं आता हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारायची सोय नाही.

नानांचं म्हणणं, लॅपटॉप चालू होतोय तोवर एकेक फोल्डर पेनड्राइव्हवर ओढून घेऊ. तसं करू का?

खटपट्या

ताई, आधी लॅपटॉप बंद करा, मग पुढचं वाचा. शटडाउन होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा.

मी सांगलीला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, अशा डिस्का नेहमी येतात. तुम्ही सांगताय ती लक्षणं बिघडत चाललेल्या डिस्कची आहेत, पण डिस्क अजून वाचली जाते आहे, ही मोठी जमेची बाजू. ती जमा जपून खर्च करायची.

विंडोज चालू असलं की तुम्ही काही केलं नाही तरी डिस्कवर काम चालूच असतं. अँटीव्हायरस फाइली चाळतो, शोधासाठीची सूची बनत असते, फोटोंचं फोल्डर उघडलं की प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवायला ती फाइल वाचली जाते, शिवाय तात्पुरत्या फाइली लिहिल्या जातात. फोल्डर ओढून घेताना खराब जागा आली की डिस्क स्वतःच तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, वर विंडोज आणखी मागणी करतं. तुमचा बाण गोठतो तो त्याच वेळी. डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारं टोक, प्लॅटरपासून, म्हणजे माहिती साठवणाऱ्या फिरत्या तबकडीपासून, काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते अधू झालं असेल किंवा पृष्ठभाग खरवडला गेला असेल, तर त्याच जागी घासत बसण्यानं बिघाड पसरतो.

तीन गोष्टी सांगा. लॅपटॉप पडला होता का? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) डिस्कचं नाव आणि आकार बरोबर दिसतो का? टिकटिक सुरू होताक्षणी सलग येते की फायली उघडतानाच येते?

पैलथडी

बंद केला. पडल्याचं कुणाला आठवत नाही. काल बायोस पाहिला होता, नाव आणि ५०० जीबी हे दोन्ही बरोबर दिसत होतं. आवाज फक्त काही फोल्डर उघडताना, मुख्यतः स्कॅनच्या.

सरळमार्गी

एवढं घाबरायचं कारण नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं अवजार) चालवा, दुरुस्तीच्या पर्यायासकट. रात्रभर चालेल, खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) बाजूला काढेल आणि सकाळी सगळं उघडेल. ऑफिसमध्ये आम्ही हेच करतो.

निळीशाई

सरळमार्गी, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या आजाराचा आहे. वीज जाऊन फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदींमध्ये, गोंधळ झाला आणि डिस्क धडधाकट असेल, तर चेकडिस्क उत्तम काम करतं. इथे डिस्कच आजारी आहे.

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं उद्दिष्टच नाही. एखाद्या फोल्डरची नोंद ज्या सेक्टरमध्ये आहे तोच वाचता आला नाही, तर ते ती नोंद काढून टाकतं. आतल्या फाइली मग 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांकानं पडतात, कोणती कुठली याचा पत्ता नाही. शिवाय हे सगळं त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहून होतं, म्हणजे मागे फिरायची वाटच उरत नाही. दुरुस्तीचा पर्याय दिला की संपूर्ण डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते आणि त्यातून एक बाइटही दुसरीकडे सुरक्षित जात नाही. नानांनी काळा पडदा आला तेव्हा तपासणी थांबवली, फार बरं केलं.

जीर्ण पोथी हाती आली की आधी पानापानाचे फोटो काढतात, सुटी पानं चिकटवायचं काम नंतर. इथेही तोच क्रम. पहिल्यांदा संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रत, आणि जी काही दुरुस्ती, शोधाशोध, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर, ते त्या प्रतीवर.

मध्यमावती

माझ्या मावसभावानं डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि ती चालली होती. करून बघण्यासारखं आहे का?

खटपट्या

नाही. पूर्वीच्या काही डिस्कांमध्ये हेड प्लॅटरला चिकटून बसायचं, तेव्हा कुणाला त्याचा उपयोग झाला असेल. गार डिस्क बाहेर काढली की हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, आतही जमू शकतं, आणि तशा प्लॅटरवर हेड फिरवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. टपली मारणं, उलटी धरून हलवणं, झाकण उघडून 'फक्त बघणं', हे सगळं त्याच यादीत. हेडच्या फटीपुढे धुळीचा कणही अवाढव्य असतो.

बिनतारी

प्रत कशी घ्यायची ते सविस्तर लिहितो. घरी करायचं की प्रयोगशाळेत द्यायचं हा निर्णय तुमचा, पण काय करायचं असतं ते माहीत असलेलं बरं.

डिस्क लॅपटॉपमधून बाहेर काढा. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपांना तळाशी झाकण असतं, बॅटरी काढायची, स्क्रू सोडवायचे, डिस्क बाजूला सरकवून काढायची. २.५ इंची साटा (डिस्क जोडायच्या नेहमीच्या पद्धतीची) डिस्क असेल. घरात किंवा ओळखीत डेस्कटॉप असेल तर डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा जोडणीला लावा. यूएसबी अडॅप्टरनंही चालतं, पण खराब सेक्टर आला की स्वस्त अडॅप्टर गोंधळून जोडणीच सोडून देतात. दुसरं असं की, यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते आणि डिस्क फिरायला लागताना तिला त्याहून जास्त लागू शकते. यूएसबी ३ चं पोर्ट वापरा किंवा दोन तोंडांची केबल.

विंडोज नको. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा) पेनड्राइव्ह बनवा, 'सिस्टिमरेस्क्यू' नावाचं तिचं वितरण याचसाठी आहे आणि लागणारी अवजारं त्यात आधीच असतात. विंडोजला अर्धवट वाचली जाणारी डिस्क जोडली की ते 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं विचारतं, आणि घाईत 'हो' दाबलं जातं. उबुंटू हे लिनक्सचं दुसरं वितरण वापरलंत तर डिस्क जोडल्यावर ती आपोआप माउंट होऊ (वापरासाठी उघडू) देऊ नका, ती सेटिंग आधीच बंद करा.

मुख्य अवजार जीएनयू डीडीरेस्क्यू, आंतोनिओ दियास दियास यांनी लिहिलेलं, मुक्त आणि विनामूल्य. उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यूच. साध्या कॉपीत आणि यात फरक हा, की साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर अडून बसते. हे अडलं की ती जागा सोडून पुढे उडी मारतं, जे सहज मिळतं ते सगळं आधी पदरात पाडून घेतं, आणि सोडलेल्या जागांकडे नंतर परत येतं. आधी मोठे तुकडे, मग खराब पट्ट्यांच्या कडा, शेवटी एकेक सेक्टर. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. वीज गेली, डिस्क अडकली, तुम्हीच थांबवलंत, तरी पुन्हा तीच कमांड तीच मॅपफाइल देऊन चालवली की काम होतं तिथूनच पुढे सुरू होतं. म्हणून मॅपफाइल न दिल्यास या अवजाराचा निम्मा उपयोग वाया. ती फाइल दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर ठेवायची, पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीत नाही, नाहीतर रीबूट झाल्यावर ती गायब.

पहिली फेरी 'नो-स्क्रेप' पर्यायानं करा, म्हणजे ते खराब भागात खोदत बसणार नाही. दुसऱ्या फेरीत 'डायरेक्ट' (लिनक्सची मधली साठवण टाळून थेट डिस्कवरून वाचणं) आणि दोन-तीन वेळा पुनर्प्रयत्न. प्रत ज्या डिस्कवर घ्याल ती ५०० जीबीहून मोठी हवी, १ टीबीची घ्या. तिचं फॉरमॅट एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कमांडमध्ये आधी आजारी डिस्कचं नाव, मग प्रतीचं, मग मॅपफाइलचं. पहिली दोन उलटी झाली तर रिकामी डिस्क तुमच्या डिस्कवर लिहिली जाईल. लिनक्समध्ये डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात आणि डिस्क पुन्हा जोडली की ती बदलू शकतात. डिस्कच्या लेबलवरचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या आणि एंटर दाबण्याआधी पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा.

वेळेचा अंदाज: निरोगी डिस्क सेकंदाला ८० एमबी देत असेल तर ५०० जीबी पावणेदोन तासांत होतं. आजारी डिस्क २ एमबीवर आली तर जवळपास ७० तास. डिस्क सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका, बाजूला टेबलफॅन लावा.

शिरवळकर_पुणे

मी वेगळं सांगेन. यातलं काहीही न करता थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. पुन्हा मिळणार नाही असा ऐवज आहे आणि पैलथडी यांनी लिनक्स कधी वापरलेलं दिसत नाही. शिकण्यासाठी ही डिस्क नव्हे.

खटपट्या

शिरवळकरांचं म्हणणं मला मोडून काढायचं नाही. मी दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगतो ते लिहितो.

डिस्क सुरू होताच सलग कट कट कट करते, थांबते, पुन्हा करते, तर हेडला प्लॅटरवरच्या खुणा सापडत नाहीयेत. बायोसमध्ये डिस्क दिसतच नाही, किंवा भलतंच नाव अथवा शून्य आकार दिसतो, तर बिघाड फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये आहे, आणि त्याचा मोठा भाग प्लॅटरवरच लिहिलेला असतो. पडून झाल्यावर खरखर येते, भाजल्याचा वास येतो, पाण्यात गेली आहे. या सगळ्यांत एकदाही पुन्हा सुरू न करता प्रयोगशाळाच. तिथे स्वच्छ हवेच्या कक्षात त्याच जातीच्या दात्या डिस्कचं हेड बसवतात, फर्मवेअरसाठी 'पीसी-३०००' सारखी यंत्रणा असते. सर्किट बोर्ड बदलून बघू असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, बहुतेक बोर्डांवर त्या एका डिस्कपुरती जुळवणी साठवलेली छोटी चिप असते. ती उचलून नव्या बोर्डावर लावल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून उपयोग होत नाही.

नाव-आकार बरोबर, फक्त काही ठिकाणी अडखळते, अशा वेळी डीडीरेस्क्यूनं घरी प्रत घेणं रास्त आहे. आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशी झाली की त्याच क्षणी थांबायचं, आणि मग प्रयोगशाळा. हा थांबण्याचा नियम सुरुवात करण्यापूर्वीच घरात ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी 'अजून एकदा बघू' हा मोह फार होतो.

पाण्याचं निघालंच आहे तर, ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे लोक डिस्का उन्हात वाळवून, तांदळात पुरून घेऊन यायचे. असं करू नका. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, गढूळ पाणी त्यातून आत जातं आणि सुकलं की गाळ प्लॅटरवर चिकटून बसतो. ओलसरच, बंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे पोचवायची.

पैलथडी

सगळं नानांना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः विचार करून ठरवलं: घरी प्रत घ्यायची, आवाज वाढला तर थांबायचं. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे, त्याच्या डेस्कटॉपला डिस्क लावली.

लिनक्समधून त्यानं स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे पाहिले. ०५ समोर ८, सी५ समोर ४२४, सी६ समोरही ४२४, सी७ समोर ०. याचा अर्थ काय धरायचा?

बिनतारी

०५ म्हणजे डिस्कनं खराब ठरवून राखीव जागेतून बदली दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले, तेच तुम्हाला गोठवत होते. सी६ त्याचाच पडताळा. सी७ केबलमधल्या चुका मोजतो, तो शून्य आहे म्हणजे केबल ठीक, दोष डिस्कचाच. विंडोजमधल्या क्रिस्टलडिस्कइन्फोत हे आकडे सहसा षोडशमान पद्धतीत दिसतात, तिथे ४२४ ऐवजी १ए८ दिसलं असतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी आपली डिस्क तपासत असेल तर हे ध्यानात असू द्या.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणून आता सुरू केलंत तर रेंगाळू नका. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्के डिस्कांनी प्रमुख चार आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता, तेव्हा आकडे शून्य असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये.

पैलथडी

सुरू केलं. सुरुवातीला झरझर गेलं, ७० एमबीच्या आसपास. आता एका ठिकाणी येऊन पार काही केबींवर घसरलंय, आणि भाचा म्हणतो चुकांचा आकडा वाढतोय. आवाज मात्र वाढलेला नाही. थांबवू?

बिनतारी

कंट्रोल-सी दाबून थांबवा, मॅपफाइल नीट लिहिली जाते. डिस्कला पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. मग तीच कमांड 'रिव्हर्स' पर्याय जोडून चालवा, म्हणजे डिस्कच्या शेवटाकडून उलट्या दिशेनं वाचन होईल. मधला वाईट पट्टा दोन्ही बाजूंनी घेरला जातो आणि त्याच्या पलीकडचं चांगलं सगळं आधी हाती येतं. पुन्हा फार हळू झालं तर 'मिन-रीड-रेट' देऊन ठरावीक वेगाखालचे भाग पुढच्या फेरीवर ढकलता येतात.

निळीशाई

तोवर एक विचारते, भाच्याच्या डेस्कटॉपला यूपीएस आहे ना? प्रत मॅपफाइलमुळे वाचेल, पण वीज अचानक जाऊन हेडला परत परत घाईनं जागेवर यावं लागणं अशा डिस्कला बरं नाही.

पैलथडी

यूपीएस आहे. उलट्या दिशेनं भरभर गेलं! मग खोदकामाची फेरीही करून घेतली. शेवटचा आकडा ९९.९९ टक्के, वाचता न आलेलं साधारण १७ एमबी. डिस्क काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. प्रतीची इमेज फाइल (अख्खी डिस्क एकाच फाइलीत) १ टीबीच्या डिस्कवर आहे. भाच्यानं तिची आणखी एक प्रत काढली.

नानांनी हे ऐकून बाकी सगळं सोडून देवापुढे दिवा लावला. तुम्हा सर्वांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. आता पुढे?

निळीशाई

किती बरं वाटलं वाचून.

इमेज फक्त वाचनापुरती माउंट करा. लिनक्समध्ये सरळ होतं, विंडोजमध्ये ओएसएफमाउंट वापरता येईल. फोल्डर जसेच्या तसे दिसले तर स्कॅन, फोटो, प्रकरणं बाहेर काढून घ्या. डिस्कचं विभाजनच (पार्टिशन) दिसत नसेल तर टेस्टडिस्क. फोल्डरांची रचना विस्कटली असेल तर डीएमडीई चांगलं आहे. ते फाइल सिस्टिमचे उरलेले अवशेष जोडून नावांसकट झाड उभं करतं. फोटोरेक हा अगदी शेवटचा उपाय. ते फाइलीच्या आतल्या खुणांवरून जे सापडेल ते उचलतं, पण मूळ नावं आणि फोल्डर हरवतात. सगळ्या तक्त्यांचे स्कॅन नावांशिवाय हाती आले तर नानांना कोणतं घर कुठल्या शाखेचं हे पुन्हा लावत बसावं लागेल.

पैलथडी

विभाजन दिसलं, फोल्डर नावांसकट आले, स्कॅन उघडताहेत.

पण वर्डच्या फाइली सगळ्या बिघडल्यात. भाच्याच्या संगणकावर एकही प्रकरण वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, चौकोन, डॉलरची चिन्हं यांचा नुसता गाळ दिसतो. एकूणएक फाइली अशा. नाना काल रात्री जेवले नाहीत.

शाईपेन

ताई, नानांना आधी जेवायला बसवा. फाइली शाबूत आहेत.

मी दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करत आलोय, हे चित्र चांगलं ओळखीचं आहे. नानांनी प्रकरणं श्रीलिपीत टाइप केली असणार. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या आजच्या संकेतपद्धतीच्या) आधीच्या अशा फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असतात. 'क' साठी साठवलेला संकेत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचाच असतो, फॉन्ट लावला की तो 'क' दिसतो. भाच्याच्या संगणकात तो फॉन्टच नाही, म्हणून खालचा सांगाडा दिसतोय. डिस्कच्या बिघाडानं एकूणएक फाइली सारख्याच बिघडत नाहीत. ओळींची लांबी, परिच्छेद, शीर्षकं जागच्या जागी आहेत का ते पाहा, असतील तर शंकाच नको.

फॉन्ट तुमच्याकडेच आहे. इमेजमध्ये विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात 'श्री-देव' नं सुरू होणारे फॉन्ट असतील, बहुधा श्री-देव-०७१४ किंवा त्याचे भाईबंद. ते काढून बसवा आणि फाइल पुन्हा उघडा.

पैलथडी

शाईपेन, तुमचे पाय धरावेसे वाटतात. श्री-देव-०७१४ च होता. फॉन्ट बसवला आणि पहिलं प्रकरण उघडलं, 'मूळ पुरुष व गोत्रप्रवर' हे शीर्षक ठसठशीत दिसलं. नाना खुर्ची ओढून बसलेत, एकेक प्रकरण उघडून बघताहेत.

शाईपेन

फार छान. आता या निमित्तानं सगळं युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्या. परिवर्तकं मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि अंक डोळ्यांनी तपासायला लागतात. जन्मवर्षं विशेषतः. मूळ श्रीलिपीच्या फाइली आणि फॉन्ट दोन्ही सोबत जपा.

बिनतारी

एक काम राहिलं आहे. ते १७ एमबी नेमके कुठल्या फाइलींत होते हे कळायला हवं. नाहीतर एखादा स्कॅन अर्धा काळा आहे हे छापखान्यात कळेल.

डीडीरेस्क्यूत 'फिल-मोड' आहे. इमेजच्या जादा प्रतीवर, मॅपफाइल वापरून, वाचता न आलेल्या जागांत एखादी ओळखीची खूणओळ भरायची. मग ती इमेज माउंट करून सगळ्या फाइलींमध्ये ती ओळ शोधायची. ज्या फाइलीत सापडेल ती जखमी. बाकीच्यांवर प्रतीतल्या भोकांचा परिणाम झालेला नाही हे खात्रीनं म्हणता येतं. मूळ इमेजला हात लावायचा नाही.

गोडबोली_दुबई

थोडं विषयांतर, पण लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर हेच करायचं का? माझ्या बहिणीचा नवा लॅपटॉप अचानक बंद पडलाय.

बिनतारी

एसएसडी क्वचितच टिकटिक करून आधी सांगते. ती बहुधा एकदम दिसेनाशी होते, आणि मग घरी करण्यासारखं फारसं उरत नाही. पुसलेल्या फाइलींबाबतही, ट्रिम या सोयीनं कुठल्या जागा आता नको आहेत हे डिस्कला कळतं आणि ती त्या लवकरच मोकळ्या करते. आणखी एक, नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत डिस्क बहुतेक वेळा कूटबद्ध असते. आधी बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली सापडते का ते पाहा. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं वाचता येणार नाही. लॅपटॉपच बंद पडला असेल आणि एसएसडी सुटी असेल तर ती केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावली की बऱ्याचदा काम होतं. यावर वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो.

शिरवळकर_पुणे

ज्यांच्यावर प्रयोगशाळेत जायची वेळ येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली अशा ठिकाणी 'डेटा रिकव्हरी' च्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यातले काही स्वतः काम करतात, काही नुसते पुढे पाठवतात. डिस्क कुठे उघडली जाणार ते विचारा. तपासणीचं शुल्क आणि प्रत्यक्ष कामाचं शुल्क लेखी घ्या, डेटा न मिळाल्यास काय द्यावं लागेल हेही. पूर्ण पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी मागा आणि आपल्या कामाच्या चार फाइली उघडून दाखवायला सांगा. आणि आधी घरी काय काय केलं ते लपवू नका, त्यावरून त्यांचं पहिलं पाऊल ठरतं.

पैलथडी

फिल-मोड केला. खूणओळ सापडलेल्या फाइली बहुतेक विंडोजच्याच निघाल्या. आमच्यापैकी थोडे स्कॅन, आणि एक वर्ड फाइल. ती नेमकी तिसऱ्या शाखेची वंशावळ. उघडते, पण मधली पानं गेलीत. नानांच्या पेनड्राइव्हवर ही शाखा नाही.

शाईपेन

वर्डच्या बॅकअप प्रती आणि तात्पुरत्या फाइली शोधल्यात का? डब्ल्यूबीके आणि एएसडी शेवट असलेल्या फाइली इमेजमध्ये शोधा. आणि नानांनी छापखान्याला कधी नमुन्याची पानं पाठवली होती का? आम्ही जुळणीवाले मुद्रितांच्या पीडीएफ वर्षानुवर्षं ठेवतो.

पैलथडी

डब्ल्यूबीके नाही मिळाली. पण नानांनी खर्चाचा अंदाज घ्यायला दुसऱ्या आणि तिसऱ्या शाखेची पानं एका मुद्रकांना ईमेलनं पाठवली होती, ती पाठवलेल्या पत्रांत सापडली! पीडीएफ आहे, पूर्ण वाचता येते. तिच्यानंतर आलेल्या घरांची भर त्यात नाही, पण त्यांच्या तक्त्यांचे स्कॅन चांगले आहेत, त्यावरून पुन्हा भरता येईल. खराब झालेल्या स्कॅनपैकी दोन घरं पुण्यातच आहेत, त्यांना फोन केला, ते तक्ते पुन्हा पाठवताहेत.

आता सगळं काम तीन ठिकाणी आहे. नव्या लॅपटॉपवर, घरातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि भाच्याच्या घरी एका डिस्कवर. दर रविवारी दोन्ही डिस्कांवर उतरवायचं नानांनीच ठरवलंय.

शेवटचा प्रश्न. जुन्या डिस्कचं काय करू? भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू का?

खटपट्या

ग्रंथ छापून हाती येईपर्यंत देऊ नका. परिवर्तन करताना एखादी फाइल राहिली असं लक्षात आलं तर शेवटचा आधार तोच आहे. सुकी सिलिका जेलची पुडी घालून पिशवीत ठेवा, पण सुरू करू नका.

नंतरही भंगारात तशीच द्यायची नाही. तिच्यावर शेकडो माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन आहेत आणि खराब सेक्टरांमुळे ती पुसून टाकण्याची प्रक्रिया पूर्ण होईल याचा भरवसा नाही. २.५ इंची डिस्कांचे प्लॅटर बऱ्याचदा काचेचे असतात, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावून, जाड कापडात गुंडाळून, ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घरी ड्रिल नसेल तर ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, समोर उभं राहून पाडून घ्या.